शेड दोनचा राउटर कोणी पुसला?

एक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टची माणसं चाकणच्या त्या कारखान्यात वेळेवर हजर झाली. कुणी मशीनला हात जोडले, कुणी खंडेनवमीचा सुकलेला झेंडू बाजूला सारला, आणि बटणं दाबली. मशीन काही हललं नाही. वीज होती, हवेचा दाब होता, पडदे उजळले होते. पण कुठला पार्ट कसा कापायचा हे मशीनला ज्या कॉम्प्युटरकडून कळायचं, त्याच्याशी बोलणंच तुटलं होतं. शेड दोनमधली सगळी मशीनं नवरदेवासारखी नटून नुसती उभी.

"तेजस्विनीताईला बोलवा!" कुणीतरी ओरडलं.

तेजस्विनी म्हणजे त्या कारखान्याचं अख्खं कॉम्प्युटर खातं. काळेवाडीहून कंपनीच्या बसनं यायची. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तिला हाक, आणि साहेबांच्या मोबाईलमध्ये फोटो मावेनासे झाले तरी तिलाच. ती धावतच शेडच्या कोपऱ्यातल्या खोलीत गेली. लोखंडी रॅकमध्ये राउटर बसला होता, कपाळावर हळदीकुंकू, गळ्यात हार. तिनं लॅपटॉपची वायर जोडली. पडद्यावर 'शेड-दोन' अशी अक्षरं उमटली आणि पुढं नुसती रेघ लुकलुकत राहिली. पासवर्ड टाकून तिनं विचारलं, दारं दाखव. डब्यानं चारही दारं दाखवली. चारही बंद, एकालाही पत्ता नाही.

राउटर म्हणजे काय, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. तो चार दारांचा डबा. एका दारातून बाहेरचं इंटरनेट येतं, दुसऱ्यावर ऑफिस, तिसऱ्यावर मशीनं, चौथ्यावर कॅमेरे आणि अंगठ्याचं हजेरीयंत्र. नवा डबा येतो तेव्हा चारही दारं बंद असतात आणि कुठल्या दाराचा पत्ता काय, हे त्याला ठाऊक नसतं. एकेका दाराला पत्ता द्यायचा आणि मग ते उघडायचं. तेजस्विनीनं हे काम आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं, व्हिडिओ बघून बघून. आणि ते छान चाललं होतं! अख्खं नवरात्र डब्यानं हूं की चूं केलं नव्हतं. आज तिचं सगळं काम त्यातून नाहीसं झालं होतं.

"काय झालं?" दारात कारखान्याचे मालक, दादासाहेब उभे होते. मूळचे इथलेच, घरच्या जमिनीवर शेड टाकून मोठे झालेले. गिऱ्हाइकाचा ट्रक दारात उभा होता, म्हणून त्यांचा चेहरा आधीच तापलेला.

तेजस्विनीनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "सर, काहीच राहिलं नाही आत. कुणीतरी पुसल्यासारखं..."

बस. हा एक शब्द तिच्या तोंडून गेला, आणि तो परत घ्यायला पुढं दिवसभर तिला जमलं नाही.

"पुसलंय?" दादासाहेब म्हणाले. "कुनी?"

दोन

खोलीची किल्ली कुणाकडं होती, याचं उत्तर मिळायला वेळ लागला नाही. ज्योतीरामकडं.

ज्योतीराम हा ठेकेदारीतला इलेक्ट्रिशियन. लातूरकडचा, अंगानं किडकिडीत, बोलायला मऊ. खंडेनवमीला मेन स्विच त्यानंच बंद केला होता आणि आज पहाटे चालूही त्यानंच केला होता. मधे खोली कुलूपबंद. कॅमेरे पाहावेत, तर मेन बंद म्हणजे कॅमेरेही बंद. शिवाय आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. त्याची वायरमनची परीक्षा नुकतीच पास झाली होती आणि येत्या सोमवारी तो म्हाळुंग्याच्या एका मोठ्या कंपनीत कायमचा रुजू होणार होता. दादासाहेबांना हे आवडलं नव्हतं, आणि ते त्यांनी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

"जाता जाता खोडी काढली बेट्यानं," दादासाहेब म्हणाले. "गणराज, ह्याचा फोटू काढ."

गणराज हा ठेकेदाराचा सुपरवायझर. त्यानं ज्योतीरामला भिंतीला उभं केलं आणि फोटो काढलासुद्धा. ज्योतीराम समोर बघ म्हटल्यावर समोर बघत राहिला.

या फोटोचा अर्थ त्या पट्ट्यात पोरासोरांना कळतो. ठेकेदारांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर एखाद्याचा फोटो पडला आणि खाली 'घेऊ नये' लिहिलं, की चाकणपासून तळेगावपर्यंत एकही गेट त्याला उघडत नाही. कुणी विचारत नाही, कुणी चौकशी करत नाही. पोलीस परवडले, ते निदान बाजू तरी ऐकून घेतात.

"साहेब, दम धरा." आवाज अण्णासाहेबांचा होता. आळंदीच्या चौकीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ कारखान्याची सुरक्षा बघायचे. पोट सुटलेलं, आवाज बसका, आणि चौकशा करण्याची खोड नोकरीबरोबर सुटलेली नव्हती. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको. मला जरा विचारपूस करू द्या."

दादासाहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. "दुसऱ्या शिफ्टच्या गाड्या लागायच्या आत सांगा. न्हाईतर फोटू ग्रुपवर जानार म्हंजे जानार."

ते गेले. अण्णासाहेब तेजस्विनीकडं वळले. "मला ह्या डब्यातलं ओ की ठो कळत नाही. तू माझ्याबरोबर बस."

"अण्णा, मी पुसल्यासारखं म्हटलं. पुसलं असं नाही म्हटलं मी."

"आता त्याचा काय उपयोग, पोरी?" अण्णासाहेब म्हणाले. "आता कुणी पुसलं तेच शोधायला लागणार."

तीन

पहिला आला कुलदीप. राउटर ज्या दुकानातून घेतला तिथला माणूस. राहायला पिंपळे सौदागरला, डोक्याला जेल, बोटात गाडीची किल्ली फिरती. तेजस्विनीनं डबा स्वतः लावायला घेतला तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं होतं.

"मी तेव्हाच म्हणालो होतो मॅडम, आमच्याकडून करून घ्या," तो बसता बसता म्हणाला. "पहिल्यांदा करताना होतं असं."

"खंडेनवमीला तुम्ही इथं होता?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"दादासाहेबांनी प्रसादाला बोलावलं होतं. खोलीत गेलो, हात जोडले, आलो. चांगली दहा माणसं होती तिथं."

"त्याआधी डब्याला कधी हात लावला होता?"

"बसवायला आलो तेव्हा. पितृपक्ष होता, म्हणून आजींनी, दादासाहेबांच्या आईंनी, चालू करू दिला नाही. मी आपलं डब्याला नाव घातलं, पासवर्ड घातला, सेव्ह केलं आणि निघालो. दारं-बिरं सगळी मॅडमनी केली."

"बरं, मला सांगा राव, एखाद्याला हा डबा पुसायचाच असला तर?"

कुलदीप हसला. "काय अवघड आहे? दोन ओळी टाइप करायच्या. डबा कोरा, जन्माला आला तसा."

"जन्माला आला तसा म्हणजे?"

"म्हणजे आत काहीच नाही. आम्ही घातलेलं नावसुद्धा नाही, पासवर्ड नाही. कारखान्यातून पहिल्यांदा निघाला तसा."

तेवढ्यात तेजस्विनीचा फोन वाजला. शेडमधून दादासाहेब. ट्रकवाला ओरडतोय, तू तिथं गप्पा काय मारतीस, निदान मशीनं तरी चालू कर. ती "हो सर, हो सर" करत राहिली आणि कुलदीपचं शेवटचं बोलणं तिच्या कानावरून गेलं. तिला एवढंच दिसत होतं की हा माणूस खुशीत आहे. डबा बिघडला की वर्षभराच्या देखभालीचं काम त्याच्या दुकानाला मिळणार, मग त्याला काय!

मग गणराज आला. आला तोच तावातावानं.

"माझ्यावर काय संशय घेता अण्णा? मी डब्याला हार घातला, एवढाच माझा गुन्हा."

"गुन्हा नाही रे. पण डबा आला आणि अंगठ्याचं यंत्र त्याला जोडलं. आधी हजेरी तू तोंडी सांगायचास. न आलेली माणसंसुद्धा तुझ्या तोंडून हजर असायची म्हणे."

गणराजचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "असंल. पण मला तो डबा उघडायचा कुठून हे तरी ठाऊक आहे का? विचारा हिला." त्यानं तेजस्विनीकडं बोट केलं. "डब्याचं ज्ञान हिला, नाहीतर कुलदीपला. आणि किल्ली ज्योतीरामकडं. मी बिचारा मधल्यामधे."

"ज्योतीरामवर राग आहे तुझा?"

"राग नाही तर काय! मी त्याला गावाकडून आणला, खोली बघून दिली, आणि पठ्ठ्या मला न विचारता म्हाळुंग्याला निघाला. उपकाराची जाण म्हणून काही असते का नाही?"

तो गेला. अण्णासाहेब बोटांवर मोजू लागले.

"कुलदीपला येतं पण किल्ली नव्हती. गणराजला मन होतं पण येत नव्हतं. ज्योतीरामकडं किल्ली होती, पण त्याला येतं का हे?"

"नाही येत अण्णा."

"मग तेजस्विनी," ते सावकाश म्हणाले, "पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुलदीपला," ती म्हणाली. "आणि मला."

चार

ज्योतीराम खुर्चीवर बसेना. बस म्हटलं तरी दाराशीच उभा.

"ताई, मी काय केलो?" तो म्हणाला. "आजी म्हणल्या सगळं बंद कर, मी सगळं बंद केलो. सकाळी येऊन सगळं चालू केलो. मधी एकदा बी त्या खोलीत गेलो असंन, तर माझ्या लेकराची शपथ."

आजी म्हणजे मंजुळाबाई, दादासाहेबांची आई. कारखान्याच्या मागंच बंगला. शेडमधल्या प्रत्येक नव्या वस्तूला त्यांचा हात लागल्याशिवाय ती चालू होत नसे.

"सगळं म्हणजे काय काय बंद केलंस?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"मेन. कंप्रेसर. आन डब्याचा यूपीएस."

"यूपीएस कशाला? तो तर लाईट गेल्यावर चालायला असतो ना?"

"आजी म्हणल्या, खंडेनवमीला कुठलंच यंत्र राबवू नये, त्या डब्याला बी इसावा दे. मग मी बटण बंद केलो."

"आधी कधी बंद केला होतास यूपीएस?"

"न्हाई. नवरात्रात लाईट जायची तवा डबा यूपीएसवर चालूच असायचा. बंद पहिल्यांदाच केलो."

अण्णासाहेब तेजस्विनीकडं बघू लागले. तिनं मान हलवली. "वीज बंद केली म्हणून काही पुसलं जात नाही अण्णा. सेव्ह केलेलं असलं की डबा चालू झाल्यावर सगळं परत येतं. त्यासाठीच तर सेव्ह करायचं असतं."

"आणि तू केलं होतंस?"

"केलं होतं." ती ठामपणे म्हणाली. "सेव्हची ओळ मी माझ्या हातानं टाइप केली होती."

ज्योतीराम आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि आपलं भलं-बुरं त्याच बोलण्यात अडकलंय हे मात्र पुरतं कळत होतं.

"ताई, सोमवारी जॉईन व्हायचंय मला," तो म्हणाला. "बायकोला आणायलो गावाकडून, तिकडं खोली बी बघून ठेवलो. शेठला तुम्ही सांगा की. तुमचं ऐकत्याल."

काय सांगणार होती ती? तू केलं नाहीस हे तिला मनातून माहीत होतं, पण मनातलं दादासाहेबांच्या टेबलावर कसं ठेवायचं? "सांगते," ती म्हणाली. बोलल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

बाहेर गेटपाशी हॉर्न वाजला. दुसऱ्या शिफ्टची गाडी नव्हती, ट्रक निघून चालला होता. रिकामा.

पाच

ती परत त्या खोलीत जाऊन बसली. निदान मशीनं तरी चालू करू म्हणून तिनं वायर जोडली. पडद्यावर पुन्हा तीच अक्षरं आली, 'शेड-दोन', आणि पुढं लुकलुकणारी रेघ.

ती पहिली ओळ टाइप करायला लागली आणि मधेच थांबली. मग मान वर करून त्या अक्षरांकडं बघत राहिली. सकाळपासून तिनं ती कितीदा पाहिली होती, अन् एकदाही वाचली नव्हती!

"अण्णा!" ती ओरडतच केबिनमध्ये आली. "नाव आहे! डब्याचं नाव आहे तसंच आहे!"

"मग?"

"कुलदीप काय म्हणाला? पुसला तर नावसुद्धा राहत नाही. पासवर्ड राहत नाही. इथं नाव आहे, आणि सकाळी मी आत गेले ती जुनाच पासवर्ड टाकून. दारं तेवढी गेली. म्हणजे पुसला कुणीच नाही अण्णा! कुणीच नाही!"

अण्णासाहेबांनी तिला खुर्चीवर बसवलं. "हळू. मला समजेल असं सांग."

"डब्याच्या डोक्यात दोन जागा असतात. एक आत्ताचं, एक कायमचं. वीज गेली की आत्ताचं जातं, कायमचं राहतं. कुलदीपनं नाव आणि पासवर्ड कायमच्या जागेत ठेवला. तो राहिला. मी दारं केली ती..." तिचं बोलणं तुटलं.

"ती कायमच्या जागेत गेलीच नव्हती," अण्णासाहेबांनी वाक्य पुरं केलं. "सगळं नवरात्र डबा नुसत्या आत्ताच्यावर चालला. यूपीएस होता म्हणून कुणाला कळलं नाही. खंडेनवमीला पहिल्यांदा पुरता झोपला, आणि उठला तो पितृपक्षातला होऊन उठला."

तेजस्विनीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. इतका वेळ दुसऱ्याच्या अंगणात शोधत होतो, आणि हे निघालं आपल्याच दारात. पण मग सेव्ह? सेव्हची ओळ तिला स्वच्छ आठवत होती. अक्षर अन् अक्षर आठवत होतं.

"मी टाइप केलं होतं अण्णा. देवाशपथ केलं होतं."

"टाइप केलंस. आणि बटण?"

"बटण काय?"

"अगं, टाइप केल्यावर एंटर दाबावं लागतं एवढं मलासुद्धा कळतं. ते कुणी दाबलं?"

तेजस्विनीचा चेहरा पांढरा पडला.

घटस्थापनेचा दिवस होता तो. दारं तिनं मुहूर्ताआधी सकाळीच उघडून बघितली होती, सगळं चालत होतं. पण दादासाहेब म्हणाले होते, शेवटचं बटण तेवढं ठेव, ते मुहूर्तावर आईच्या हातनं.

"आजींनी," ती म्हणाली.

सहा

मंजुळाबाईंना आणायला अण्णासाहेब स्वतः गेले. दादासाहेबांना त्यांनी कारण सांगितलं नाही, नुसतं खोलीत या म्हणाले. कुलदीप, गणराज, ज्योतीराम, सगळे त्या एवढ्याशा खोलीत कोंबले गेले.

"आईला कशाला त्रास देता?" दादासाहेब कुरकुरले.

"साहेब, मुहूर्ताच्या दिवशी जसं झालं अगदी तसंच करायचंय. एवढंच."

तेजस्विनीनं या वेळी एकच दार केलं, मशीनचं. पत्ता दिला, दार उघडलं. बाहेर शेडमध्ये एक मशीन घरघरलं आणि माणसांनी ओरडा केला. दादासाहेबांचा चेहरा जरा सैल झाला. मग तिनं सेव्हची ओळ टाइप केली आणि लॅपटॉप मंजुळाबाईंपुढं सरकवला.

"आजी, त्या दिवशी दाबलंत तसं दाबा."

मंजुळाबाईंनी आधी बोटाला कुंकू लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, आणि एंटर दाबलं. एकदाच.

"आता त्या दिवशी पुढं काय झालं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"नारळ फुटला," कुलदीप म्हणाला. "टाळ्या झाल्या. फोटो काढले."

"आन गणराजनं काम्पुटर मिटवून त्यावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला," मंजुळाबाई म्हणाल्या. "मला चांगलं आठवतंय."

"तू कुठं होतीस तेजस्विनी?"

"मागं," ती म्हणाली. "फोटोत सगळ्यांना यायचं होतं. मला कुणीतरी मागं सारलं. मग मी वायर काढून घेतली."

"आज मिटवायचा नाही. आज वाचायचा. वाच."

ती वाकली. पडद्यावर सेव्हच्या ओळीखाली आणखी एक ओळ आली होती, आणि ती एक प्रश्न होती. कुठल्या नावानं ठेवू? आणि पुढं ती लुकलुकणारी रेघ, उत्तराची वाट बघत.

"हा परत विचारतो," ती कशीबशी बोलली. "एकदा दाबलं की विचारतो. दुसऱ्यांदा दाबलं की मगच ठेवतो. व्हिडिओतला माणूस टक-टक असं दोनदा पटकन मारायचा, मला वाटायचं ती त्याची सवय आहे. मी कधी नीट बघितलंच नाही."

"कुलदीप, खरं आहे हे?"

कुलदीपनं नाइलाजानं मान हलवली. "खरं आहे. आमचा हात सवयीनं दोनदा जातो."

अण्णासाहेबांनी लॅपटॉप मिटला, वायर काढली, आणि ज्योतीरामला यूपीएस बंद करायला सांगितलं. ज्योतीराम जागचा हलेना. "मी न्हाई हात लावणार," तो म्हणाला. शेवटी बटण अण्णासाहेबांनीच दाबलं. बाहेर मशीन अडकलं. मग त्यांनीच ते पुन्हा चालू केलं. डबा जागा व्हायला वेळ लागला. तेजस्विनीनं पुन्हा वायर जोडली. 'शेड-दोन' आलं. दार बंद. पत्ता नाही.

"म्हंजे," दादासाहेब आईकडं बघत म्हणाले, "आईच्या हातानं..."

"आईच्या हाताला बोल लावू नका," अण्णासाहेब म्हणाले. "त्यांना एकदा दाबा म्हटलं, त्यांनी एकदा दाबलं. मुहूर्ताला पुढं काय विचारलंय हे बघायला कुणाला सवड होती? यंत्र प्रश्न विचारत होतं आणि आपण पेढे खात होतो."

"मी बघायला पाहिजे होतं," तेजस्विनी म्हणाली. "माझं काम होतं ते सर. ज्योतीरामदादाचा काही संबंध नाही."

मंजुळाबाई लेकाकडं वळल्या. "आरं, मंग त्या पोराला भितीला उभा का केला व्हतास सकाळी? सोड की त्याला! सांग समद्यांना, त्याचं काय न्हाई म्हून."

दादासाहेब खाली बघत म्हणाले, "व्हय, व्हय. सुटला तो. गणराज, फोटू टाकू नकोस."

गणराजनं मोबाईल उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

"गणराज?" अण्णासाहेब म्हणाले.

"मला वाटलं, टाकायचाच आहे तर..." गणराज म्हणाला. "मी सकाळीच टाकला."

सात

"डिलीट कर!" तेजस्विनी किंचाळली. "आत्ताच्या आत्ता!"

गणराजनं केला. पण सकाळपासून तो फोटो कुणी कुणी उचलून कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये नेला, ते आता कुणाच्या हातात होतं? रांजणगावचा एक ग्रुप होता, तळेगावचा होता, ज्यांत गणराज नव्हताच असे आणखी किती होते. बैल गेला नि झोपा केला.

"मग खुलासा टाक," अण्णासाहेब म्हणाले. "मी सांगतो तसा लिही. ज्योतीराम निर्दोष आहे. यंत्राचा दोष होता. माणूस चांगला आहे."

गणराजनं लिहिलं. या वेळी दादासाहेबांनी स्वतः वाचून बघितलं आणि मग पाठवलं. सगळे त्या छोट्या पडद्याभोवती वाकले. एकाचा अंगठा आला. आणखी एकाचा आला. मग एका ठेकेदारानं विचारलं, 'कोण हा ज्योतीराम?' दुसऱ्यानं विचारलं, 'काय केलं होतं यानं?' तिसऱ्यानं सकाळचा फोटो शोधून परत खाली चिकटवला. 'हाच ना?'

ज्यांनी सकाळी काही पाहिलं नव्हतं, त्यांनीही आता पाहिलं.

"बंद कर ते," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सगळ्यांची तोंडं त्यांना दिसत होती.

ज्योतीरामचा फोन वाजला तेव्हा तो सगळ्यात मागं होता. त्यानं नाव बघितलं आणि पटकन ताठ उभा राहिला. "हां सर. नमस्कार सर... न्हाई सर, ते चुकून झालंय, इथं सगळे हायेत, तुम्ही विचारा... हां सर. बरं सर. बरं." त्यानं फोन खिशात ठेवला.

"म्हाळुंग्याचे?" तेजस्विनीनं विचारलं.

"सोमवारी येऊ नका म्हणले. वर विचारतो म्हणले, मग कळवतो."

"मी बोलते त्यांच्याशी. अण्णा बोलतील. दादासाहेब, तुम्ही फोन करा ना सर, तुमचं ऐकतील ते!"

दादासाहेबांनी फोन केला. खरंच केला, दोनदा केला. पलीकडून कुणीतरी फार अदबीनं बोललं, आणि हो-ना काही केलं नाही. त्यांनी फोन खाली ठेवला, जरा वेळ गाल खाजवला, आणि मग एकदम त्यांना मार्ग सुचला. त्यांचा चेहरा उजळला.

"आरं मंग बिघडलं काय त्यात?" ते ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "हितंच ऱ्हा की! आमाला तरी तुज्यावानी मानूस कुठं गावतोय? गणराज, ह्याचं नाव काढू नकोस रे ठेक्यातून."

आणि त्यांचं हे बोलणं मनापासूनचं होतं, हीच तर पंचाईत! कुणाला काही वाईट केल्यासारखं वाटेना. गणराजनंही हसून मान डोलावली. कुलदीप गाडीची किल्ली फिरवत निघून गेला. मंजुळाबाई ज्योतीरामकडं बघत राहिल्या, आणि पदर सावरून लेकामागं चालत्या झाल्या. अण्णासाहेब दाराला टेकून उभे होते. अख्ख्या नोकरीत त्यांनी इतकं नीट कोडं सोडवलं नव्हतं, आणि इतकं निरुपयोगीही.

"बरं शेठ," ज्योतीराम म्हणाला होता. आणखी काय म्हणणार होता तो?

खोलीत दोघंच उरली. तेजस्विनीला त्याची माफी मागायची होती, पण कशाकशाची मागायची ते तिला जुळवता येईना. सकाळी तिनं तो शब्द उच्चारलाच नसता तर! ती टाइप करायला बसली. पहिलं दार, दुसरं, तिसरं, चौथं. सेव्हची ओळ. एंटर. प्रश्न आला. पुन्हा एंटर. शेडमध्ये मशीनं चालू झाल्याचा आवाज आला, आणि गेटपाशी दुसऱ्या शिफ्टच्या गाड्याही लागल्या.

ज्योतीराम अजून यूपीएसपाशीच उभा होता, हात मागं बांधून.

"ताई," त्यानं विचारलं, "हितून पुढं मेन बंद करायचं आसलं, तर आधी तुम्हाला विचारत जाऊ का?"

तिला नुसतं 'हो' म्हणता आलं.